कोट एक, मुलाखती अकरा

मी एक कोट. राखाडी, दोन बटणांचा, बायकांच्या मापाचा. मुलाखतीच्या खोलीत माणूस आत आला की समोरच्यांची नजर आधी माझ्यावर पडते आणि मग माणसावर. कधीकधी ती माणसापर्यंत पोहोचतही नाही. अकरा मुलाखती झाल्या माझ्या, आणि एकीतही मला बोलता आलं नाही. ते आज बोलून घेतो.

माझा जन्म कझाकस्तानातल्या जारकेंत गावचा. पातीगुल नावाच्या शिंपिणीनं मला कुल्याश आपांसाठी शिवलं. आपा गावात नोटरी होत्या. "खांदे ताठ ठेव," त्यांनी बजावलं होतं. "समोरचा माणूस रडायला लागला तरी माझे खांदे पडलेले दिसायला नकोत." म्हणून पातीगुलनं आतून जाड अस्तर भरलं. नऊ वर्षं मी आपांच्या अंगावर होतो. घरं विकली जाताना पाहिली, भावाभावांच्या वाटण्या पाहिल्या. माणसं सही करताना मजकूर वाचत नाहीत, पण शिक्का सरळ उमटलाय का ते वाकून वाकून बघतात, हे मी तिथेच शिकलो.

उल्पानही मला तिथेच भेटली. ट्रकवाल्या शेजाऱ्याची मुलगी. शाळेच्या सुट्टीत ती दस्त शिवायला यायची. पानांना भोकं पाडायची, दोरा ओवायचा, गाठ मारायची, गाठीवर कागद चिकटवून आपांकडे शिक्क्याला द्यायचं. ते करता करता ती प्रत्येक दस्त वाचून काढायची. एकदा तिनं वारसांच्या यादीतून सुटलेलं एक नाव शोधून दिलं, तेव्हा आपांनी तिला स्वतःच्या ताटातले बाउरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, दिले होते.

तिला अल्माटीत कायद्याला प्रवेश मिळाला त्या वर्षी आपा निवृत्त झाल्या. त्यांनी मला कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवलं. "डोकं तुझं आहेच," त्या म्हणाल्या. "पण दारावरचा माणूस डोकं बघत नाही."

पातीगुलनं मला दोन्ही बाजूंनी आत घेतलं. खांदे मात्र तसेच राहिले. उल्पानचे खांदे अरुंद, त्यामुळे मी तिच्या अंगावर असलो की तिच्या मागे दुसरीच कुणीतरी मोठी बाई उभी आहे असं वाटायचं.

अल्माटीतल्या वसतिगृहात तिच्या खोलीत पेरीझात होती. ती शिमकेंतची, तिचाही कायदाच. बोलायला एकदम धीट. तिसऱ्या वर्षाचा हिवाळा सरला आणि दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या लॉ फर्ममध्ये उमेदवारी. ती नाही मिळाली तर पुढे कुणी दारात उभं करत नाही, असं सगळे सांगायचे. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती मिळालेली नव्हती.

मी खुर्चीच्या पाठीवर टांगलेला असायचो, त्यामुळे अर्ज भरणं मी अगदी जवळून पाहिलं. वैताग होता नुसता. प्रत्येक फर्मचा फॉर्म वेगळा, आणि प्रश्न मात्र एकच.

"'आमच्याच फर्ममध्ये का?'" उल्पान वाचायची. "कारण तुम्ही जागा आहे म्हणालात म्हणून, असं लिहू?"

"लिही की. खरं बोलणारी एक तरी भेटेल त्यांना."

"आणि इथे पूर्वानुभव मागितलाय. अगं, अनुभव यावा म्हणूनच तर येतेय मी."

"लग्न झालेलीच नवरी हवी म्हणतात," पेरीझात चहात दूध ओतत म्हणाली.

चौदा अर्ज गेले. एका पत्रात उल्पाननं चुकून दुसऱ्याच फर्मचं नाव ठेवलं. त्याला दहा मिनिटांत उत्तर आलं: आपण ज्यांना लिहिलं आहे त्यांच्याकडे आपल्याला यश मिळो. एवढ्या तत्परतेनं तिला आलेलं ते एकच उत्तर. बाकी ठिकाणांहून काही आठवडे काहीच नाही. ती फोन उघडायची, बंद करायची. जाहिरात आली तरी फोन वाजायचा आणि ती झडप घालून तो उचलायची.

मग मुलाखती सुरू झाल्या. उल्पानच्या सहा, आणि मला उसना घेऊन पेरीझातच्या दोन. उल्पानची शाळा कझाकमध्ये झालेली, विद्यापीठात अर्धं रशियन, आणि मुलाखत इंग्रजीत. तिचा विचार जारकेंतहून निघायचा, रशियनमध्ये गाडी बदलायचा आणि इंग्रजीला पोहोचेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा. एका ठिकाणी तिनं नोटरीकडच्या कामाबद्दल सांगितलं. समोरचे गृहस्थ हसले. "म्हणजे शिवणकाम," ते म्हणाले. तिनंही हसून घेतलं. तिच्या काखेत आलेला घाम मलाच कळला. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाई तिचं उत्तर चालू असताना फोनवर जेवण मागवत होत्या. सगळीकडे शेवट एकच: "कळवतो." आणि मग कुणीच कळवायचं नाही.

एप्रिलच्या अखेरीला एका मोठ्या फर्मकडून दोघींनाही बोलावणं आलं. एकाच दिवशी. उल्पानला दहा वाजता, पेरीझातला साडेदहाला. कोट एकच.

"तू आधी जा," पेरीझात म्हणाली. "बाहेर आलीस की बाथरूममध्ये मला दे. कुणाला कळतंय?"

आत तेमिरोव्हना नावाच्या वकीलबाई होत्या आणि सोबत ऑफिसच्या इरीना पावलोव्हना. उल्पाननं सगळी उत्तरं बरोबर दिली. दाव्याची मुदत, करार मोडल्यावरची भरपाई, सगळं कलमांसकट. इंग्रजीही त्या दिवशी वेळेवर पोहोचत होतं. मला वाटलं, जमलं. बाथरूममध्ये तिनं मला काढून पेरीझातच्या अंगावर चढवलं, तिची कॉलर नीट केली. "मुदतीचं विचारतात. तीन वर्षं," तिनं सांगून टाकलं. हे मी मुद्दाम नमूद करतो.

पेरीझात बसते न बसते तोच तेमिरोव्हना बाई म्हणाल्या, "हा कोट आज दुसऱ्यांदा आलाय वाटतं."

इरीना पावलोव्हनांनी कागदात डोकं घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो," पेरीझात म्हणाली. "मगाशी त्याच्यासोबत हुशार मुलगी होती. आता मी आहे. त्याची बढती झाली की उतरती कळा, ते तुम्ही ठरवा."

दोघी हसल्या. पुढची वीस मिनिटं गप्पाच झाल्या. मुदतीचं कुणी विचारलंच नाही.

आठवड्यानं पेरीझातला निवडीचं पत्र आलं. उल्पानला आलं ते छापील: अर्जांची संख्या मोठी होती, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. आनंदाच्या भरात पेरीझातनं मुलाखतीतला किस्सा सांगितला. अर्धा सांगून झाल्यावर तिला कळलं की उल्पान हसत नाहीये.

"माझा कोट घालून माझ्यावर विनोद केलास," उल्पान म्हणाली.

"अगं, मी तुला हुशार म्हणाले."

"हो ना. हुशार बाहेर आणि विनोदी आत."

"मग काय रडायला हवं होतं का मी? पकडले गेलो होतो आपण."

"तू पकडली गेली होतीस. मी सगळी उत्तरं देऊन आले होते."

उल्पाननं मला कपाटात टांगलं आणि कपाटाला कुलूप लावलं. तीन वर्षांत त्या कपाटाला पहिल्यांदाच कुलूप लागलं. नऊ दिवस मी अंधारात होतो. बाहेर दोघी एका किटलीतून वेगवेगळ्या वेळी चहा घेत होत्या. एरवी पेरीझातचं बोलणं थांबता थांबत नसे, पण त्या दिवसांत मी तिला फक्त खोकताना ऐकलं.

दहाव्या दिवशी उल्पाननं मला घातलं आणि थेट त्या फर्ममध्ये गेली, न बोलावता. "मला नकाराचं कारण हवंय," तिनं सांगितलं. इरीना पावलोव्हना म्हणाल्या, कारण देण्याची पद्धत नाही. उल्पान तिथल्याच सोफ्यावर बसली. दीड तासानं तेमिरोव्हना बाई जेवायला निघाल्या आणि तिला पाहून थांबल्या.

"तुझी उत्तरं बरोबर होती," त्या म्हणाल्या. "पण एखादी गोष्ट माहीत नसेल तर काय करशील, असं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, रात्रभर वाचीन. माझ्याकडे कामाला रात्रभर वाचणारी नको, मला येऊन विचारणारी हवी."

"मग हे पत्रात का नाही लिहिलंत?"

"दोनशे अर्ज होते, मुली."

"मी एकच केला होता तुमच्याकडे," उल्पान म्हणाली.

बाई माझ्या कॉलरकडे एकदा बघून जेवायला निघून गेल्या.

खोलीवर येऊन उल्पान पेरीझातसमोर बसली. "मला प्रश्न विचार. तिथे विचारतात तसे."

पेरीझातनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "आधी कोट काढ. तो घातलास की तुझा पुतळा होतो." मग म्हणाली, "मी तिथे तुझं नाव सांगायला हवं होतं. नुसतं हुशार मुलगी म्हणायला नको होतं."

"हो, हवं होतं," उल्पान म्हणाली, आणि मला काढून ठेवलं.

अकरावी मुलाखत सैरान बसस्थानकामागच्या एका लहानशा ऑफिसात झाली. सेरिकबोल आगाय, म्हणजे सेरिकबोल सर, कामगारांचे दावे लढवतात. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीनं बसलेली, आत टेबलावर अर्धा खाल्लेला साम्सा. ते कझाकमध्येच बोलले. "मालकानं कामगाराला तोंडी काढलं. कागद एकही नाही. काय करशील?"

उल्पाननं कलम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "पक्कं माहीत नाही, आगाय. आधी त्यालाच विचारीन, शेवटचा पगार कुणाच्या सहीनं मिळाला. पुढचं तुम्हाला विचारीन."

त्यांनी मान हलवली. फायलींच्या ढिगाकडे हात केला. "ठीक. सोमवारपासून बघू," म्हणाले, आणि फोन उचलला.

"काय म्हणाले?" पेरीझातनं खोलीत विचारलं.

"बघू म्हणाले."

"बघू? मग गेलं."

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी पेरीझातनं फोन तिच्या हातात कोंबला. "नकार तरी कानानं ऐक. पत्रातले वाचून वाचून कंटाळा आला."

फोन जवळ असल्यानं पलीकडचं मलाही ऐकू आलं. "अगं, आहेस कुठे तू?" सेरिकबोल आगाय चिडले होते. "सोमवारपासून फायली बघू म्हटलं होतं ना? तीन दिवस वाट पाहतोय. नसेल यायचं तर तसं सांगायचं. तुम्ही आजकालची मुलं साधं कळवतसुद्धा नाही."

 आठ ठिकाणी दारात उभी राहिलेली पोर ही. तिला होकार ओळखताच आला नव्हता.

"येते," ती कसंबसं म्हणाली. "उद्या येते, आगाय."

"नऊला. आणि तो कोट नको. माळ्यावरच्या फायली काढायच्या आहेत."

आता उल्पान रोज सुती सदऱ्यात जाते आणि अंगभर धूळ घेऊन येते. पेरीझात काचेच्या इमारतीत जाते आणि दिवसभर पानांवर आकडे घालून येते. संध्याकाळी दोघी आपापल्या साहेबांच्या नकला करतात. कपाटाचं कुलूप गेलं, आणि मी दाराच्या खिळ्यावर आहे. माझं कोपरावरचं कापड विरलंय, आतलं अस्तर एका बाजूला गोळा झालंय. पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची एक मुलगी मला मागायला येणार आहे. तिनं एकोणीस अर्ज केलेत म्हणे. मी जाईन.

तुमच्यापैकी कुणी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत असेल, तर माझी एक विनंती आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. एका ओळीत म्हणा, पण त्याच आठवड्यात म्हणा. आणि हो म्हणायचं असेल, तर कळेल असं हो म्हणा. फार दिवस नुसतं "कळवतो" ऐकलेल्या माणसाला हो चटकन ऐकू येत नाही.