जिवंतांतलं नाव

१९२२ साली तुर्कस्तानातलं आमचं स्मिर्ना शहर जळत होतं तेव्हा बंदराच्या धक्क्यावरच्या गर्दीत आईच्या हातातून तिची धाकटी बहीण आन्थी निसटली. आई बोटीतून इकडे ग्रीसमध्ये, पिरेअस बंदरात आली, आन्थी आलीच नाही. मेलेल्यांच्या नावाने आमच्यात गहू शिजवतात, तो आईने आन्थीसाठी साठ वर्षांत एकदाही शिजवला नाही. चर्चमध्ये पाद्री जिवंतांची नावं वेगळी वाचतो, मेलेल्यांची वेगळी. आईने आन्थीचं नाव दिलं ते कायम जिवंतांत. मागे बायका कुजबुजायच्या, "हिची बहीण काय अमरपट्टा घेऊन आलीय?" आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आता आमच्या वस्तीच्या चौकात निर्वासित बायकांचा पुतळा उभा राहिला. ब्राँझची बाई, काखेत गाठोडं, झग्याला बिलगलेली पोरं. समितीत माझा भाऊ लाझारोस होताच. मिरवायचं म्हटलं की हा सगळ्यांच्या पुढे. अनावरणाच्या सकाळी मला म्हणाला, "आन्थीमावशीचंही नाव दिलंय मी. पाद्री वाचणार."

"कुठल्या नावांत?"

"मेलेल्यांच्या. अगं, आता तरी मान्य करा."

"अरे गाढवा, मग आईला तरी घरी ठेव."

"महापौर तिला फुलं देणार आहेत. आणि तिला ऐकू कुठे येतं?"

आईला नको ते बरोबर ऐकू येतं, हे याला पन्नाशी आली तरी कळलेलं नाही.

पाद्र्याने नाव वाचलं. आईने माझं मनगट धरलं. "बातमी आली?"

लाझारोस महापौरांशेजारी खाली मान घालून उभा. बातमीबितमी काही नाही, तुझ्या पोटच्या पोरानेच मिरवण्यापायी तिला मेलेल्यांत ढकललं, हे म्हातारीला कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हणाले, "आली, आई."

"कधी गेली?"

"गेल्या हिवाळ्यात. झोपेत."

"पोरंबाळं?"

"दोन मुलगे. नातवंडं आहेत. सुखात होती." खोटंच बोलायचं तर हात आखडता कशाला घ्यायचा? वाटलं, एवढ्याने तरी तिचा जीव निवेल.

लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी आईच्या ओंजळीत साखर घातलेला गहू ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं होती ती," आई म्हणाली. "मग मला शोधलं का नाही तिने?"