पानाच्या तळाचे अक्षर

यमुताईंनी लॅपटॉप सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवला, त्यावरचा उशीचा अभ्रा काढून त्याची चौकोनी घडी केली आणि समोरच्या खुर्चीत न बसता उभ्यानेच बोलायला सुरुवात केली.

“माझे पणजोबा विसाजीपंत भोसल्यांच्या खासगीच्या दफ्तरात बोरूनं लिहीत. बोरू बोथट झाला की चाकूनं टोक काढून घेत. आजोबा दत्तोपंत कचेरीत टाकानं लिहीत. निब मोडली की नवी बसवत. वडील श्रीधरपंतांनी कोर्टासमोर झाडाखाली टाइपरायटर मांडला होता. दांडी अडकली की रॉकेलचा बोळा फिरवत, आणि पक्षकाराचा चहा संपायच्या आत पुन्हा कामाला लागत. तीन पिढ्यांत लिहिण्याच्या हत्यारानं आमच्या घराला दगा दिला नाही. तुमच्या कंपनीचं हे यंत्र मात्र तिसऱ्यांदा देतं आहे.”

केंद्राचा व्यवस्थापक विक्रम याने लॅपटॉप उघडला, चार ओळी टाइप केल्या आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. अक्षरे शिस्तीत उभी होती.

“इथं तर बरोबर चालून राहिलं, आजी.”

“आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही यमुताई म्हणा. आणि इथं चालणारच. माहेरी आलं की शहाण्यासारखं वागतं. सासरी दुपार झाली की अंगात येतं. मधल्या ओळीतलं बटण एकदा दाबावं तर अक्षर तीनदा उमटतं, पुन्हा दाबावं तर उमटतच नाही.”

“कीबोर्ड दोनदा बदलून दिला आपण.” विक्रमने आवाज खाली आणला. “खरं सांगू? तुमचा ठोका जोराचा आहे. टाइपरायटरचा हात. कंपनी आता तिसऱ्यांदा बदलणार नाही. वापरण्यातला दोष म्हणून परत पाठवील. अन् आजकाल टाइप कोण करते? तुमच्या मैत्रिणीचं पुस्तक आहे ना? त्यांना फोनमध्ये बोलू द्या. फोन आपोआप लिहिते. तुम्ही काहून त्रास घेता?”

यमुताईंनी मनगटावरची बांगडी एकदा फिरवली. या प्रश्नाला उत्तर होते. पण ते काउंटरवर ठेवण्याजोगे नव्हते. त्यांनी अभ्रा पुन्हा चढवला आणि धरमपेठेच्या उन्हात बाहेर पडल्या. चालता चालता त्यांचे लक्ष दोनदा आपल्या बोटांकडे गेले.

ती मैत्रीण, जयाबाई, रोज दुपारचे जेवण आटोपून इंदोऱ्याहून ऑटोने यमुताईंच्या घरी येत. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ नेली होती. कान मात्र असे की दारातल्या पावलावरून चप्पल नवी की जुनी ते सांगत. कूलरसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसून त्या आपल्या आईची कथा सांगत आणि यमुताई ती उतरवून घेत. भिवापूरला मिरच्यांचे देठ खुडणारी, छप्पन्न साली पांढरे लुगडे नेसून, लहानग्या जयाचा हात धरून दीक्षेसाठी नागपूरला आलेली आई. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात, तिथे हे पुस्तक असावे आणि उरलेली नजर जाण्याआधी आपण ते पाहावे, एवढी एकच इच्छा जयाबाईंनी बोलून दाखवली होती. छापखान्याने जूनअखेरची मुदत घातली होती.

“रात्री आईच्या बोटांची जळजळ जळजळ होई. लिहिलं?”

“लिहिलं. पण यंत्रानं ‘जळजळळळ’ अशी लांबवून उमटवली.”

“राहू दे मग. तेवढी होतच होती.”

त्या दिवशी कथा लेकीच्या कचेरीपर्यंत आली. दोघी एकाच सरकारी कचेरीत टंकलेखिका होत्या, शेजारशेजारच्या टेबलांवर. पानाच्या तळाशी टंकलेखिकेने आपले आद्याक्षर टाकायचे, म्हणजे काम कोणाचे आणि चूक कोणाची हे साहेबांना कळे, असा नियम होता. यमुताई नोकरीत कायम झाल्या नव्हत्या, तोच जिन्यावरून पडून त्यांचे उजवे मनगट मोडले. रजा घ्यावी तर नोकरी जाणार. “पानं वेळेवर आली तर मला तुमचा हात दिसत नाही,” एवढी दया हेडक्लार्कने दाखवली. पाने वेळेवर गेली. अर्धा डबा खाऊन, कचेरी सुटल्यावर मागे थांबून जयाबाईंनी ती काढली, आणि यमुताईंच्या वाट्याच्या प्रत्येक पानाखाली न चुकता ‘य’ टाकला. हात बरा झाला, नोकरी टिकली, त्या नोकरीवर मुले शिकली.

जयाबाईंना त्या काळी यमुताईंच्या सासरी चहा मिळे तो ओसरीवर, वेगळ्या कपातून, आणि तो कप त्या स्वतः विसळून ठेवत. यमुताईंनी सासूबाईंना त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. आभार मानायचे तर हेही बोलावे लागले असते. म्हणून तेही राहिले, आणि राहून गेलेली गोष्ट वर्षांमागून वर्षे जड होत गेली. सासूबाईंना जाऊनही आता किती काळ लोटला होता. जयाबाई आतल्या खोलीत बसत, घरातल्याच कपातून चहा घेत. पण निघताना भिंत चाचपत मोरीपाशी जात आणि आपला कप आपणच विसळत. यमुताई त्यांना विसळू देत. अडवायचे कसे, हे त्यांना उमगत नव्हते.

कचेरीचे प्रकरण जयाबाईंनी सांगून संपवले. मोडलेल्या मनगटाचा त्यात उच्चारही नव्हता.

यमुताईंची बोटे बटणांवर तशीच थांबली.

“काहून थांबली वं?”

“यंत्र अडलं.”

“खोटं नको बोलू. अडलं की तू ओठ चावून ‘शी’ म्हणते.” जयाबाई पुढे झुकल्या. “पण ऐक, यमे. परवा मी सकाळी आली होती, तेव्हा एकदाही अडखळलं नाही हे. दुपारीच अडखळते. लाइन जाऊन कूलर बंद पडला की जास्तच. त्याले ऊन लागून राहिलं. आपला हेडक्लार्क नव्हता का, जेवून आला की एकच ओळ तीनदा सांगे!”

यमुताई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

नवतपा, मेअखेरचे ते नऊ जाळते दिवस, लागला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या लॅपटॉप घेऊन सेवा केंद्रात शिरल्या, तेव्हा रस्त्यावर कुत्रेही दिसत नव्हते.

“चला,” त्या विक्रमला म्हणाल्या.

“कुठं?”

“बाहेर. तुमच्या या गारव्यात मीसुद्धा दहा वर्षांनी लहान दिसते. यंत्राचं काय घेऊन बसलात?”

“बाहेर आग लागून राहिली, आजी...”

“यमुताई.”

“यमुताई, अशा उन्हात कोणी मशीन तपासते का?”

“माझ्या घरी हेच ऊन आहे. यंत्रं नागपुरात विकता ना? मग नागपुरात तपासा.”

बसलेली दोन गिऱ्हाइके हसली. विक्रमने त्यांच्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि मुकाट्याने लॅपटॉप उचलला.

समोर पत्र्याच्या छपराखाली रसवंती होती. चरकाचे घुंगरू वाजत होते. यमुताईंनी बाक पदराने झटकून त्याला बसवले, बिनबर्फाचा रस सांगितला आणि टाइप करायला फर्मावले. तो लिहीत गेला, अक्षरे नीट उमटत गेली, त्याच्या कानामागून घामाची धार लागली. कंटाळून त्याने पुस्तकाची पाने वर सरकवली.

“प्रत्येक पानाखाली हा ‘ज’ काहून आहे?”

“टंकलेखिकेचं आद्याक्षर.”

“पण टाइप तर तुम्ही करता.”

“रस प्या.”

तो रस प्याला. दुसरा पेला आला. छपराखालची हवा भट्टीसारखी झाली होती. आणि मग, त्याच्या मऊ, तरुण बोटाखाली, एक अक्षर तीनदा उमटले. त्याने पुन्हा दाबले. काहीच उमटले नाही. विक्रमने लॅपटॉप उचलून डोळ्यांच्या रेषेत धरला आणि बाजूने न्याहाळला. मधोमध तो किंचित वर आला होता, तव्यावरच्या फुलक्यासारखा. त्याने घाईने यंत्र बंद केले.

“बॅटरी फुगून राहिली. तापली की खालून कीबोर्डले ढकलते. आमच्या एसीत बसून जाते, म्हणून आम्हाला दिसली नाही.” त्याने लॅपटॉप आपल्याकडेच ओढून ठेवला. “हे आता घरी नेऊ नका. धोक्याचं आहे. अन्... तुमच्या हाताचा दोष नव्हता, यमुताई.”

“ते मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. पण मुठीत आवळलेला पदर त्यांनी सोडला, आणि बोटे मांडीवर मोकळी झाली.

“मी माझ्या डोळ्यानं पाहिलं असं कंपनीले लिहितो. बॅटरी नवी, कीबोर्ड नवा. नाही म्हटलं तर त्यांनाच बोलावतो या बाकावर.”

“आणि आमची मुदत?”

“तिच्या आत घरी आणून देतो. भर दुपारी.”

त्याने शब्द पाळला. लॅपटॉप घेऊन तो भर दुपारीच आला, स्वतःच्या हाताने कूलर बंद केला आणि सदरा भिजेपर्यंत टाइप करीत बसला. एकही अक्षर चुकले नाही.

“आमचा जावई बी आमच्या घरी इतका घाम गाळत नाही, बाबू,” खुर्चीतून जयाबाई म्हणाल्या. “आता कूलर लाव, नाहीतर आमच्या बॅटऱ्या फुगतील.”

मुदतीच्या आदल्या दुपारी शेवटचे पान आले. दीक्षा घेऊन परतताना आई वाटेत लहानग्या जयाला काय म्हणाली, ते जयाबाईंनी शेवटासाठी राखून ठेवले होते. ते त्यांनी अगदी सावकाश सांगितले: “आता समोर पाहून चालायचं. ठेच लागली तरी समोरच पाहायचं.” मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

“झालं वं. खाली अक्षर टाक.”

यमुताईंनी बटण दाबले. नव्या बटणाचा आवाज स्वच्छ, एकच.

जयाबाईंची मान किंचित वळली.

“यमे, आपल्या टाइपरायटरसारखा इथंही ‘य’ उजव्या करंगळीखाली असतो.”

“असतो.”

“हा डावीकडून वाजला. हा डाव्या तर्जनीचा ठोका.”

यमुताईंनी पान जतन केले.

“तिथं ‘ज’ आहे,” जयाबाई म्हणाल्या.

“आहे.”

“अन् मागच्या पानांखाली?”

“तेच.”

कूलरमधले पाणी ठिबकत होते. जयाबाईंची बोटे खुर्चीच्या हातावर पसरली, जुन्या सवयीने जागा शोधू लागली, आणि उजवी करंगळी एकदाच, हलकेच, टेकली.

“मले वाटलं, विसरली तू.”

“कारकुनांच्या घरातली आहे मी, जये. बाकी ठेवून उठत नाही.”

“बरी आठवण आहे म्हणायची,” जयाबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांतले औषध पुसण्याच्या निमित्ताने पदर वर नेला. “चहा टाक आता. अन् साखर मोजून नको घालू.”

चहा झाला. बाहेर ऑटोचा भोंगा वाजला. जयाबाई उठल्या, एका हाताने भिंत चाचपली आणि दुसऱ्या हातात आपला कप घेऊन मोरीच्या दिशेने पाऊल टाकले.

यमुताईंनी वाटेत त्यांच्या हातातून तो कप घेतला. मोरीपाशी वाकून त्यांनी तो विसळला, आणि आपल्या कपाशेजारी पालथा घातला.