नडगीला चिकटलेला चमचा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्यांवर माणसं, खुर्च्यांमागे माणसं आणि सगळ्यांसमोर चुंबकबाबा. बाबांनी पोरीच्या नडगीवर स्टीलचा चमचा दाबला आणि हात काढून घेतला. चमचा तिथेच! गर्दी "अबब" म्हणाली.

पोर जिन्यावरून पडली होती. डॉक्टरीणबाईंनी नडगीच्या मोडक्या हाडावर धातूची पट्टी बसवली होती आणि हाड जुळेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. पण पट्टी धोक्याची आहे, बाबांना दाखव, असे शेजारणीने कान भरले आणि आई कामावरून तडक पोरीला घेऊन इथे आली, तीही अक्कल गहाण टाकून.

"लोखंड जागं झालंय!" बाबा गरजले. "मऊ मांसात कडक धातू? हा धातू रक्तातून वर चढतो नि थेट काळजाला भिडतो. आजच्या आज काढा. आत आमचा माणूस सुरी उकळून बसलाय."

"आई, नको ना गं," पोर रडायला लागली.

"महाराज, आणखी एकदा बघा ना," आई कशीबशी म्हणाली. तिला नुसता वेळ हवा होता. पोरीचा घामेजलेला पाय तिने आपल्या एप्रनने पुसला. बाबांनी चमचा दाबला. खण्ण! चमचा फरशीवर. पुन्हा दाबला, पुन्हा खण्ण.

"लोखंड रुसलं," बाबा म्हणाले. घडीत जागं, घडीत रुसलेलं. लोखंड कसलं, जावईच तो!

आईने एप्रनकडे पाहिलं. तो पुडीने पांढराफटक होता. रबराच्या कारखान्यात ताजे ताव साच्याला चिकटू नयेत म्हणून ती दिवसभर त्यांच्यावर शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड भुरभुरवायची.

तिने चमचा उचलून स्वतःच्या घामट कपाळावर दाबला. चिकटला. मग बाबांसमोर ठेवलेल्या अंगाऱ्याच्या बरणीचं काचेचं झाकण घेतलं. तेही चिकटलं.

"माझ्या डोक्यात कुठली पट्टी आहे? आणि काच कधीपासून लोखंड झाली?" तिने विचारलं. "कातडी रबरासारखी मऊ. गुळगुळीत वस्तू दाबली की ती तिच्यावर घट्ट बसते, घामातेलाने धरून ठेवते. मध्ये पूड आली की सुटते. रोज हेच काम करते मी, आणि आज भीतीने विसरले! या महाराज, तुमच्याही कपाळाला चमचा लावून बघू."

बाबा दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे माझी पट्टी..." कुबड्या टेकत एक हमाल पुढे आला. "गेल्या महिन्यात यांनीच काढली. हाड जुळलं नव्हतं अजून."

आईने पोरीला दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखाना गाठला.

भीती वाटते, वाटू द्या. ती कुणाला चुकलीय? पण सुरी चालण्याआधी एवढं विचारा, की हाच चमचा धडधाकट माणसाला लावून पाहिला का? हमालाच्या वेळी अख्खा हॉल भरलेला होता, आणि कुणीही हे विचारलं नव्हतं.