फांदी कुणाच्या हद्दीत

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे हद्दीचा इतिहास. हे वाक्य मी निपाणीतल्या तीन सत्कारांत ऐकवलं आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या. माझ्या स्वतःच्या हद्दीत मात्र शेजारच्या आप्पाण्णाच्या चिंचेची फांदी वीस वर्षं घुसून बसली होती, आणि तिच्यापुढं माझं काही चालत नव्हतं.

आप्पाण्णाचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून तो हात पुसत भिंतीशी यायचा, दोनदा खाकरायचा, की भांडण सुरू.

"तोडतो बघ फांदी," मी म्हणायचो.

"मी हाय तवर हात लावायचा न्हाय."

चिंचेची पानं मिटली की आम्हीही तोंडं मिटायचो.

दिवाळीत तो गेला. आता अडवणारं कुणी नव्हतं. फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर टेकली होती. "पावसाच्या आत उतरवा. न्हायतर गळक्या घरात तुमचं तुम्ही रांधा," असं अंबूबाईनं, म्हणजे आमच्या बायकोनं, बजावलं.

करवत घेऊन शिडी चढलो. दिवस कलला होता, वारा अजिबात नव्हता. करवतीचे दात सालीला लागले आणि अगदी कानाजवळ कुणीतरी खाकरलं. मी थांबलो. पुन्हा खाकरलं.

तीन दिवस तीच वेळ, तेच खाकरणं. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "तोडतो बघ." आणि मी उत्तराची वाट बघत राहिलो.

भिंतीपलीकडं आप्पाण्णाची बायको शालनवहिनी उभी होती. तिला सगळं सांगितलं.

"आमच्यात भूत होत न्हाय, मारुतीअण्णा. जीव गेला की पापणी लवायच्या आत दुसरा जन्म."

"मग खाकरतंय कोण?"

"फांदी कुणाच्या हद्दीत हाय?"

"माझ्या."

"मग भूत तुमचं."

मी करवत घेऊन खाली उतरलो. फांदी तोडली तर त्याला यायला जागा कुठं उरणार? कौलं काय, बदलता येतात.

शालनवहिनी मिटत्या पानांकडं बघत होती. मग पदर सावरत हळूच म्हणाली,

"उद्या खाकरलं तर एवढं इचारा, गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय."