बसथांब्याची सभा

हूफडॉर्प या डच गावात मुलाकडे आल्या की मालिनीबाईंचा पाय घरात ठरत नसे. सायकल त्यांना येत नव्हती. दारासमोरून बस होती म्हणून त्या एकट्या बुइटनव्हेल्डर्टला बहिणीकडे जाऊन येत. तोच बसथांबा उठणार, असं सुनेनं, मृदुलानं सांगितलं तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"प्रसन्न, नगरसेवकाला फोन लाव."

"आई, इथे तसं नसतं. नगरपालिकेची सभा असते, ज्याला बोलायचं तो जाऊन बोलतो. पण आपण इथे राहायच्या परमिटवरची माणसं. कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं?"

"टॅक्स भरताना नाही वाटत परकं?"

सभेला त्या इरकल नेसून गेल्या. पिशवीत शाल नि नारळ. सरकारदारी रिकाम्या हातानं जायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. सभा चालवणारी बाई नुकतीच सायकलवरून उतरलेली, केस विस्कटलेले. मालिनीबाईंनी तिच्या खांद्यावर शाल घातली तशी ती लालबुंद झाली.

मृदुला कानाशी लागली. "आई, त्यांना घेता येत नाही. म्हणतात, ऐकणं माझं कामच आहे."

शाल पिशवीत परत आली. अपमान तर झालाच, वर पेच पडला: ही काही घेणारच नसेल, तर हिला बांधून ठेवायचं कशानं?

मालिनीबाईंचं नाव पुकारलं. त्या मराठीत बोलल्या, मृदुलानं डचमध्ये सांगितलं. "रस्ता तुमचा, बस तुमची. पण म्हातारं माणूस घरात कोंडलं गेलं, तर कडी कोण काढणार?"

बाईनं टिपून घेतलं. म्हणाली, पाहुण्यांचं ऐकलं. इथे राहणाऱ्यांचं काय म्हणणं?

प्रसन्न मोबाइलमध्ये बघत होता. मालिनीबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. "बोल की. जिभेलाही परमिट लागतं का?" तो आणखीच खाली वाकला.

मृदुला उठली. अडखळत बोलली, पण बोलतच राहिली. मागचे दोन डच म्हातारे माना डोलवू लागले.

"एवढं मी कुठे बोलले?" मालिनीबाईंनी तिची बाही ओढली.

"हे तुमचं नाही, आई. माझं आहे."

हिवाळ्यापर्यंत थांबा राहील, मग पुन्हा सभा, असं ठरलं. तोवर मालिनीबाई पुण्याला गेलेल्या असणार. त्या मुलाकडे बघत राहिल्या. मग उठून सुनेच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"हिवाळ्यात," त्या म्हणाल्या, "याच्या भरवशावर राहू नकोस."