दोन बोलण्यांमधली जागा

बारकीने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले आणि तीच बारा सेकंदं सहाव्यांदा ऐकली. आतल्या खोलीत आई बॅग भरत होती. कपाटाचं दार उघडत होतं, मिटत होतं.

इंग्रजीच्या पदवीचं तिचं हे शेवटचं वर्ष. भाषाविज्ञानाच्या पेपरासाठी खऱ्याखुऱ्या बोलण्याचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं आणि त्यावर निबंध लिहायचा. बोलणं घरच्या भाषेतलं चालणार होतं, निबंध मात्र इंग्रजीत. बारकीला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. घराच्या पुढच्या खोलीतच वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. मशीनवर बाबा आणि शेजारच्या स्टुलावर काजं-बटणं करणारी आई. दोघांना विचारून तिने फोन कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला. पहिली दोन मिनिटं आई परक्यासमोर बोलावं तशी जपून बोलली. मग फोन आहे हेच विसरली.

निबंधाचं पहिलं वाक्य बारकीला आयतंच मिळालं होतं : या संभाषणातला पुरुष बोलत नाही आणि ऐकतही नाही. घरातलं हे जुनंच गाऱ्हाणं. आई म्हणायची, भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान तिच्यात खिळा तरी ठोकता आला असता. या खेपेला मात्र तिने गाऱ्हाणं केलं नव्हतं. मावशीला फोन करून सांगितलं होतं, रविवारी येते, आता तिकडेच राहीन म्हणते. आवाज जरासुद्धा चढवला नव्हता, म्हणूनच बारकीला ते खरं वाटलं होतं.

कॉलेजातल्या बाईंनी त्या पहिल्या वाक्याखाली लाल रेघ मारून एवढंच लिहिलं होतं : कशावरून? वर तोंडी सांगितलं की निबंधात माणसाबद्दलचं आपलं मत घालू नकोस, ऐकू येतं तेवढं लिही. आणि दोन बोलण्यांमधल्या जागा तू कोऱ्या सोडल्या आहेस, त्या आधी भर.

त्या जागा ती आता भरत होती. आई बोलायला लागली की मागची खडखड बंद पडायची. आधी तिला वाटलं, दोरा तुटला असेल. दहाव्यांदा बंद पडल्यावर तिने पट्टी घेऊन कागदावर रकाने आखले. आई बोलते, मशीन थांबतं. आई काही विचारते. बाबा ओठांत धरलेल्या टाचण्या काढून डबीत टाकतात, त्या पडल्याचं ऐकू येतं, मग श्वास घेतात. आणि तेवढ्यात आई स्वतःच उत्तर देऊन पुढच्या विषयाला हात घालते. मग मशीन पुन्हा सुरू. वीस मिनिटांत सव्वीस वेळा.

कागद घेऊन बारकी आत गेली. हे वाचून आई विरघळेल असं तिला वाटलं होतं. आईने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरलं. बारकीच्या पहिलीच्या पुस्तकावर मायलेकी दोघी बरोबरच वाचायला शिकल्या होत्या. बोट धरायची सवय लेकीची सुटली, आईची राहिली.

"हे कंसात काय लिहिलंयस?"

"बाबांनी मशीन थांबवलं. तू बोलायला लागलीस की दर वेळी थांबवतात."

"आणि हे?"

"तू विचारलंस, याचा रंग जाईल का हो? बाबांनी श्वास घेतला. मग तूच म्हणालीस, जाणारच."

आईचं बोट तिथेच थांबलं.

"मध्ये किती वेळ होता?"

"त्यांनी श्वास घेतल्यावर अर्धा सेकंद."

आईने उरलेली पानं एकेक करून पाहिली. घाई केली नाही.

"तुझ्या बाईंनी तुला माझ्याच मागे लावलंय होय," ती म्हणाली. हसली नाही, पण रागावलीही नाही. बॅग उघडीच टाकून ती पुढच्या खोलीत गेली.

बाबा कॉलर जोडत होते. आई स्टुलावर बसली नाही.

"अहो, मी रविवारी ताईकडे जातेय. जाऊ ना?"

मशीन थांबलं. बाबांनी ओठांतली एक टाचणी काढली, मग दुसरी. आईचे ओठ हलले. तिने खालचा ओठ दातांखाली धरला. बाहेरून कुणी हातगाडी ढकलत नेली, तिची चाकं पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. बाबांनी तिसरी टाचणी डबीत टाकली. झाकण लावलं. आईने मूठ आवळली. आता ही बोलणार, असं दारात उभ्या बारकीला वाटलं. आईने ओठ दातांखालून सोडला नाही.

"परत कधी येशील?"

बाबांचा आवाज जरा खरखरीत निघाला.

आईने तोंड उघडलं. प्रश्न कुणालाही विचारलेला असो, उत्तर तिच्याकडे तयार असायचं. या एकाचं नव्हतं. बाबा मशीनच्या चाकावर हात ठेवून थांबून राहिले. त्यांना त्याची सवय होती.