न गेलेला निरोप

मी बोलतोय, ह्या लॅबमधला सगळ्यात हुशार प्रोग्राम. म्हणजे मला येतं एकच: तपासणीच्या यंत्राकडून एक्सएमएलमध्ये, नुसत्या कंसाकंसांत कोंबून आलेली माहिती घ्यायची आणि माणसांना वाचता येईल असा रिपोर्ट मांडायचा. बेरीजसुद्धा जेमतेम जमते.

मला लिहिलं बाईंनी. लॅबचे कॉम्प्युटर त्याच बघतात. मला लाडानं ‘आजोबा’ म्हणायच्या. नवऱ्याच्या वाट्याला नुसतं ‘अहो’. त्यांनी बजावलं होतं, "आजोबा, फक्त कागद मांडायचा. बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही." मी लावला नाही. म्हणून मला चालवणारं इंजिन, म्हणजे माझ्या ओळी वाचून कामं उरकणारा दुसरा प्रोग्राम, निर्धास्त. मनाला येईल त्या क्रमानं काम करायचं, आणि ज्याचं उत्तर कागदावर लागत नाही ते करायचंच नाही. आळशी मेलं! पण कुणाचं बिघडत नव्हतं.

मग लॅबच्या डॉक्टरांनी हुकूम सोडला: रिपोर्ट धोक्याचा असेल तर पेशंटला लगेच मेसेज गेला पाहिजे. बाईंनी वेगळी सोय करायची सोडून माझ्याच पोटात एक परकं फंक्शन घातलं. मी त्याला निरोप्या म्हणतो. हाक मारली की बाहेर जाऊन मेसेज टाकायचा आणि परत येऊन सांगायचं, "पाठवला." तेवढा शब्द मी रिपोर्टच्या तळाशी छापायचो.

एकदा डॉक्टर म्हणाले, "ही खालची ओळ कशाला? कागद कसा स्वच्छ हवा." बाईंनी ओळ काढली. निरोप्या तसाच ठेवला; त्यांना वाटलं, तो जाईलच. इंजिननं पाहिलं, ह्याचं उत्तर कुठेच छापायचं नाही. मग हाक कशाला मारायची? नाही मारली.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचं रक्त आलं. साखर भलतीच चढलेली. काउंटरवर त्यांना सांगितलं होतं, "काही असलं तर मेसेज येईल." आला नाही, म्हणून त्या निवांत शिवत बसल्या आणि शिलाई मशीनवरच कोसळल्या.

बऱ्या झाल्यावर लेकीचा हात धरून लॅबमध्ये आल्या. बाई म्हणाल्या, "त्या जुन्या प्रोग्रामनं घात केला हो, मावशी!"

आजोबाचा जुना प्रोग्राम झाला! हात बांधून मला वाढवलं कुणी, चोरून बाहेरची कामं सांगितली कुणी, आणि खापर माझ्या डोक्यावर? मला तर डोकंही नाही! आता म्हणे मला काढून नवा आणणार. आणा बापडे. त्याच्या पोटात तरी निरोप्या कोंबू नका, एवढं ऐका.

"पण झालं काय नेमकं?" मावशींनी विचारलं.

"निरोपाचं काम कागदावर दिसत नव्हतं ना, म्हणून मशीनला त्याची गरज वाटली नाही," बाई म्हणाल्या.

"मशीनला नाही वाटली," मावशी म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणाला वाटली होती?"